कामाचा वेळ कोणाच्या घड्याळानें मोजावा?

मालक आणि मजूर यांचा तंटा बहुधा मजुरीच्या दराविषयीं असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु दर ठरल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतोच. तो हा कीं, काम सुरू केव्हां झालें आणि संपलें केव्हां? वरवर पाहणारास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यानें एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यापासून थेट राष्ट्राच्या कायदेमंडळापर्यंत मजल मारली, व त्याचा शेवट अद्यापि झालेला नाहीं.

सन १९३८ मध्यें तेथें वाजवी मजुरीचा कायदा मंजूर झाला. ठराविक तासांपलीकडे काम घेतल्यास दीडपट मजुरी द्यावी, हें त्याचें मुख्य कलम. १९४० पासून ही मर्यादा आठवड्यास ४० तासांची झाली. मजुरास स्वतः फिर्याद करून बुडालेली रक्कम, आणि नुकसानभरपाई म्हणून तेवढीच आणखी रक्कम मागण्याचा हक्कही त्यानें दिला.

मिशिगन संस्थानांतील माउंट क्लेमेन्स येथील भांड्यांच्या कारखान्यांत सुमारे १,२०० माणसें कामास होतीं. इमारत जवळजवळ पाव मैल लांब. कामावर येणारानें घड्याळाच्या यंत्रावर आपलें कार्ड छापावें, मग आपल्या जागेपर्यंत चालत जावें, अंगावर झगा चढवावा, हातांस तेल लावावें, खिडक्या उघडाव्या, हत्यारें जुळवावीं, आणि मग भांड्यास हात लावावा, असा क्रम असे. कंपनी हिशेब मात्र पाव तासाच्या टप्प्यानें करी. सकाळीं ६ वाजून ४६ मिनिटांनीं आलेल्या मजुराचें काम सात वाजतां सुरू झालें असें धरावयाचें, आणि १२ वाजून १४ मिनिटांनीं बाहेर पडलेल्याचें बारालाच संपलें असें धरावयाचें. दुपारच्या पाळीसही हाच न्याय. येणेंप्रमाणें घड्याळानें नोंदलेल्या वेळांतून दिवसाकाठीं ५६ मिनिटेंपर्यंत वजा होत!

सात मजुरांनीं व त्यांच्या संघानें फिर्याद केली. १० जून १९४६ रोजीं सुप्रीम कोर्टानें निकाल दिला. यंत्रावर छापलेला सगळाच वेळ कामाचा, हें म्हणणें कोर्टानें मान्य केलें नाहीं. परंतु मालकाच्या आवारांत कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा आणि तयारीचा वेळ, तो अगदींच नगण्य नसेल तर, मजुरीस पात्र आहे असें ठरविलें. आमच्या व्यापारी वाचकांनीं ज्याकडे विशेष लक्ष द्यावें असा या निकालाचा भाग निराळाच आहे. वेळेची नोंद ठेवणें हें मालकाचें कर्तव्य. ती त्यानें नीट ठेवली नाहीं, तर मजुराजवळ मिनिटामिनिटाचा पुरावा नाहीं एवढ्यावर त्याचा दावा बुडवितां येणार नाहीं. मजुरानें वाजवी अनुमान निघेल इतका पुरावा दिला कीं तो खोडण्याचा भार मालकावर येतो. ज्याची वही कोरी, त्यानें समोरच्याकडे जमाखर्च मागूं नये, हें कोणत्याही पेढीवरील कारकुनास समजेल. सन २०१६ मध्यें आयोवा संस्थानांतील टायसन फूड्स या मांसाच्या कारखान्याविरुद्धच्या दाव्यांत मजुरांचें संरक्षक कपडे चढविण्या-उतरविण्याचें मोल ठरवितांना सुप्रीम कोर्टानें याच तत्त्वाचा आधार घेतला.

१९४६ च्या निकालानंतर सहा महिन्यांत दीड हजारांहून अधिक दावे दाखल झाले व मागण्यांची बेरीज ६०० कोटी डॉलरांच्या घरांत गेली. कारखानदार हवालदिल झाले, आणि कांहीं अंशीं त्यांची भीति खरीही होती. जुनी वहिवाट एका दिवसांत कर्ज होऊन उभी राहिली तर सचोटीचा व्यापारीही बुडेल. पण १४ मे १९४७ रोजीं काँग्रेसनें जो उपाय केला तो रोगाहून मोठा होता. करार किंवा वहिवाट नसल्यास जागेपर्यंत चालणें आणि कामाच्या आगेंमागें केलेलीं किरकोळ कृत्यें मजुरीस अपात्र ठरलीं, आणि मागील दाव्यांचीही वाट बंद झाली. माउंट क्लेमेन्सच्या मजुरांना तर त्याआधींच, फेब्रुवारींत, खालच्या कोर्टानें तुमचीं मिनिटें नगण्य आहेत असें सांगून रिकाम्या हातीं परत पाठविलें होतें.

या कायद्याचें फळ २०१४ मध्यें दिसलें. नेव्हाडा संस्थानांत अॅमेझॉनच्या वखारींत माणसें पुरविणाऱ्या कंपनीचे नोकर पाळी संपल्यावर चोरी-तपासणीसाठीं रांगेंत उभे राहत. पाकीट, किल्ल्या, कमरपट्टा काढून ठेवावयाचा, यंत्रांतून जावयाचें. या सर्वांत रोज सुमारें २५ मिनिटें जात असें त्यांचें म्हणणें होतें. सुप्रीम कोर्टानें एकमतानें सांगितलें कीं, त्यांना माल काढण्या-बांधण्यासाठीं ठेवलें आहे, झडतीसाठीं नव्हे. सबब पैसे मिळणार नाहींत. आम्हांस ही कसोटीच मान्य नाहीं. रांग मालकानें लाविली, ती सोडून जाण्याची मुभा नाहीं, लाभ मालकाच्या मालाचा. मग तो वेळ मजुराचा कसा? बरें, तपासनीस वाढविले असते तर रांग आखूड झाली असती. पण जो वेळ फुकट मिळतो तो वांचविण्याची काळजी कोण करतो?

कांहीं संस्थानांनीं आपल्या कायद्यांच्या आधारें निराळा मार्ग धरला. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टानें २०२० मध्यें अॅपल कंपनीच्या दुकानांतील पिशव्यांच्या झडतीचा वेळ कामाचा ठरविला. पिशवी वा फोन आणणें ही नोकरांची खासगी सोय, असा कंपनीचा बचाव होता. आपला फोन जीवनाचें अविभाज्य अंग आहे असें जगास सांगणाऱ्या कंपनीनेंच हें म्हणावें, यांतील विसंगति कोर्टाच्या नजरेंतून सुटली नाहीं! पुढें सुमारें तीन कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टानेंही २०२१ मध्यें अॅमेझॉनच्या वखारींसंबंधीं मजुरांच्या बाजूचाच कौल दिला.

आपल्याकडे प्रश्न मिनिटांचा नसून तासांचा आला. १७ एप्रिल २०२० रोजीं गुजरात सरकारनें महामारीचें कारण दाखवून कारखान्यांस दिवसाला बारा व आठवड्यास बहात्तर तास काम घेण्याची परवानगी दिली. आणि तेव्हां लागू असलेल्या १९४८ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमानें जादा तासांस दुप्पट मजुरी असतां ती साध्या दरानें देण्याची मोकळीक ठेविली. आठ तासांचे ८० रुपये तर बारा तासांचे १२०, असा हिशेब जाहीरनाम्यांतच मांडला होता. संकट राष्ट्राचें, वर्गणी मात्र एकट्या मजुराची! आपल्या सुप्रीम कोर्टानें १ ऑक्टोबर २०२० रोजीं हे जाहीरनामे रद्द केले, आणि ते निघाल्या दिवसापासून ज्यांनीं जादा काम केलें त्या सर्वांस ५९ व्या कलमाप्रमाणें मजुरी चुकती करण्याचा हुकूम दिला.