वाटीभर सुकामेवा म्हणजे किती ग्रॅम?

थंडी पडली की घरोघरी डिंकाच्या लाडवांचा घाट घातला जातो आणि दरवर्षी तीच अडचण येते. कृतीत बदाम वाटीने दिलेले असतात, वाणी मात्र ते ग्रॅमवर देतो. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, 'एक कप म्हणजे अडीचशे ग्रॅम.'

हा सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज. २५० मिलिलिटरच्या कपात २५० ग्रॅम मावतं ते पाणी. बदाम एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मधल्या फटींत हवा राहते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत सुमारे २४० मिलिलिटरच्या कपाला अख्खे बदाम १४३ ग्रॅम, बेदाणे १४५ ग्रॅम आणि अक्रोडाच्या फोडी अवघ्या १०० ग्रॅम भरतात. बेदाणे दाबून भरले, तर त्याच कपात १६५ ग्रॅम जातात. जुन्या काळी धान्य मोजायला चिपटं, मापटं, पायली आणि वजनाला तोळा, छटाक अशी वेगवेगळी मापं होती, ती उगाच नव्हे.

'चिरलं काय नि अख्खं काय, वाटी तीच ना?' वाटी तीच, पण ऐवज बदलतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा वेगळ्या दिशेने. बदामाचे पातळ काप आडवेतिडवे पडतात, त्यामुळे कपात ९२ ग्रॅमच मावतात. अक्रोडाचं उलट. त्याच्या वेड्यावाकड्या फोडींत मुळातच पोकळ्या फार. तुकडे केले की त्या बुजतात आणि कपात ११७ ग्रॅम बसतात. म्हणूनच 'एक वाटी बदामाचे काप' आणि 'एक वाटी बदाम, काप करून' यांत दीडपटीहून जास्त फरक पडतो. गूळ-तूप ठरलेलं आणि कोरडा जिन्नस दीडपट झाला, तर लाडू वळताना फुटणारच. एवढ्या महागाच्या वस्तूंचं असं व्हावं, हे खरोखर वाईट आहे.

नगावर मोजणंही तितकंच फसवं. बिया काढलेला डेग्लेट नूर जातीचा खजूर सुमारे ७ ग्रॅमचा, तर मेडजूल २४ ग्रॅमचा. 'दहा खजूर' म्हणजे ७० ग्रॅम की २४०, हे जात कळल्याशिवाय सांगता येत नाही.

परदेशातल्या मराठी घरांत औंसाचा घोळ होतो. तिथे ८ औंसांचा एक कप हे पाठ असतं, पण ते द्रवाचे औंस. पाकिटावरचे ८ औंस बेदाणे म्हणजे वजनाने २२७ ग्रॅम, अर्थात दीड कपाहून थोडे जास्तच. शिवाय ऑस्ट्रेलियातला कप २५० मिलिलिटरचा, जपानमधला २०० चा.

घरच्या वाटीला तर कसलंच प्रमाण नाही. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करावं आणि ती पाण्याने काठोकाठ भरावी. जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर. त्या आकड्याला बदाम, काजू, बेदाण्यांसाठी ०.६ ने आणि अक्रोडाच्या फोडींसाठी ०.४ ने गुणावं. १५० मिलिलिटरच्या वाटीत साधारण ९० ग्रॅम बदाम आणि ६० ग्रॅम अक्रोड येतात.

काटा आहे म्हणून सगळंच त्यावर मोजावं, असंही नाही. घरगुती काटा बहुधा एकेक ग्रॅमने सरकतो. दोन ग्रॅम वेलचीपूड किंवा जायफळ त्यावर नीट मोजलं जात नाही, तिथे चमचाच बरा. खसखशीलाही चमचा चालतो: १५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात ती साधारण ९ ग्रॅम मावते.