थंडी कोठे तयार होते?

थंडी उत्तरेकडून येते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण आपल्याच शेतात, रात्रीच्या वेळी तयार होत असते. बीड जिल्ह्यातील माजलगावचे उदाहरण घेऊन ते पाहू.

माजलगाव परिसरात जानेवारीत दुपारचे तापमान साधारणपणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ऑगस्टमध्येही ते जवळपास तेवढेच असते! फरक पडतो तो पहाटे. ऑगस्टमध्ये पहाटेचा पारा २१-२२ अंशांवर थांबतो, तर जानेवारीत तो १२-१३ पर्यंत आणि काही वेळा त्याहूनही खाली उतरतो. म्हणजे येथील हिवाळा हा मुख्यतः रात्रीचा हिवाळा आहे.

दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. हवेतील बाष्प आणि ढग यातील बरीच उष्णता शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतात. पावसाळ्यात आभाळाचे हे पांघरूण जाड असते. जानेवारीत मात्र उत्तर व ईशान्येकडून येणारे वारे कोरडे असतात आणि आकाश निरभ्र असते. त्यातच रात्र सुमारे तेरा तासांची. उत्तरेचे वारे काही गारवा आणतात हे खरे; पण आकाश कोरडे ठेवणे हे त्यांचे मोठे काम आहे.

रात्री वारा पडला की थंडी आणखी वाढते. वाहता वारा वरची उबदार हवा खाली मिसळतो. वारा नसेल तर थंड, जड हवा जमिनीलगत साचते आणि उतारावरून सखल भागात उतरते. त्यामुळे एकाच गावात माळावरच्या पिकापेक्षा ओढ्याकाठचे पीक अधिक गारठते.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत असतो. निरभ्र, शांत पहाटे जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. वर्तमानपत्रातला आकडा आणि हरभऱ्याच्या रोपाला सोसावे लागणारे तापमान एकच नसते. कडाक्याच्या थंडीत पिकाला संध्याकाळी हलके पाणी देण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, तो याचसाठी. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि रात्री सावकाश निवते.

आता पावसाकडे वळू. जानेवारीची सरासरी येथे अवघी काही मिलिमीटर भरते. हा आकडा फसवा आहे. समजा, दहांपैकी नऊ वर्षे कोरडी गेली आणि एका वर्षी ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सरासरी ५ येते. पण ५ मिलिमीटर पाऊस एकाही वर्षी पडलेला नसतो! उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकत असताना समुद्रावरचे बाष्प इकडे ओढले गेले, तर ढग जमतात. थंडी पळते, पण ढगाळ हवेत ज्वारीवर माव्याची आणि हरभऱ्यावर घाटेअळीची धास्ती वाढते. हिवाळा सरताना असे बाष्प किती घातक ठरते, हे फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्याला दाखवले.

शाळेत हा प्रयोग जरूर करावा. प्रयोगशाळेतील दोन तापमापक घ्या. ते एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून सारखे आकडे दाखवतात का, हे आधी तपासा. एक सव्वा मीटर उंचीवर छपराखाली टांगा, दुसरा उघड्यावर गवताच्या टोकांलगत आडवा ठेवा. पंधरा दिवस सूर्योदयापूर्वी दोन्ही वाचा. शेजारी आकाश निरभ्र की ढगाळ आणि वारा होता की नाही, हेही लिहा. कोणत्या पहाटे दोन आकड्यांमधील अंतर सर्वांत जास्त असते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. थंडी कोठे तयार होते, याचे उत्तर त्यांच्या वहीतच सापडेल.