दोन भावांमधले अंतर

इंग्रजीतला 'स्प्रेड' हा शब्द संख्याशास्त्रज्ञही वापरतो आणि शेअर दलालही. दोघांचे अर्थ वेगळे. तरीही या दोन अर्थांचे नाते फार जवळचे आहे, असे मला वाटते. आणि त्या नात्याची झळ सामान्य माणसाला बसते.

संख्याशास्त्रात स्प्रेड म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा. समजा, एका शेतकऱ्याला दोन्ही वर्षे एकरी ५ क्विंटल ज्वारी झाली. दुसऱ्याला एका वर्षी ९ आणि पुढच्या वर्षी १. सरासरी दोघांचीही ५ च! पण त्या दुसऱ्या वर्षी त्याच्या घरची चूल कशी पेटली, हे सरासरी सांगत नाही. ते विखुरलेपणाच्या मापावरून, म्हणजे प्रमाण विचलनावरून उमगते. पहिल्याचे ते शून्य, दुसऱ्याचे ४ क्विंटल. या मापाचे आज रूढ असलेले इंग्रजी नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९४ च्या शोधनिबंधात वापरले.

बाजारातला स्प्रेड म्हणजे दोन भावांमधले अंतर. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात जॉबर एका दमात दोन भाव पुकारत असे : ९९ ला घेईन, १०१ ला देईन. मधल्या २ रुपयांत त्याचा नफा होताच. पण घेतलेला शेअर खपण्याआधीच भाव कोसळला तर, या धास्तीची किंमतही होती. भाव जितका चंचल, तितके अंतर रुंद. म्हणजे पहिला स्प्रेड वाढला की दुसराही वाढतो! १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने आणि १९९५ साली मुंबई शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू केले. स्पर्धा वाढली, अंतर आक्रसले. धास्ती मात्र संपली नाही.

कर्जाचेही असेच. ठेवीचा दर आणि कर्जाचा दर यांतल्या अंतरात बुडिताची भीती मोजलेली असते. आता आपले दोन शेतकरी सावकाराच्या दारी उभे करा. जास्त व्याज कोणाला? ज्याला आभाळाने एकदा दगा दिला, त्यालाच! हिशेब बिनचूक आहे. न्याय्य आहे का?

म्हणूनच सिंचन आणि पीक विमा यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. पाण्याने पीक वाढते, तसा त्यातला चढउतारही कमी होतो. विम्याने एकाचा फटका अनेकांत वाटला जातो. उत्पादनाच्या सरासरीवर समाधान मानणाऱ्यांनी शेजारी विचलनाचाही रकाना मांडावा. कर्जाचे मूळ पुष्कळदा तिथे सापडेल.