लिंबू-चमच्याची शर्यत आणि आपला खांदा

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवते? आपला खांदा ती जन्मभर धावतो. दंडाच्या हाडाचं गोल डोकं म्हणजे लिंबू आणि पाठीच्या पात्याची उथळ खोबण म्हणजे चमचा. कुठल्याही क्षणी त्या डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. मग हे लिंबू धरून ठेवतं कोण?

चार जणांचा कफ
सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. पात्यापासून निघालेल्या या चार स्नायूंच्या कंडरा एकमेकींत मिसळतात आणि शर्टाच्या कफसारख्या दंडाच्या डोक्याला वेढतात. हाच रोटेटर कफ. नजरेत भरणारा डेल्टॉइड हात वर उचलतो, पण त्या वेळी लिंबू वर सटकू नये याची काळजी कफ घेतो. या चौघांत बहुतेक वेळा फाटते ती सुप्रास्पायनेटसची कंडरा.

तांब्या पालथा करा
निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही. हात खांद्याइतके वर, जरा पुढे आणि बाजूला, अंगठे जमिनीकडे, जणू तांब्यातलं पाणी ओतताय! डॉक्टर वरून दाबतात. हात टिकला नाही, तर संशय सुप्रास्पायनेटसवर. कमरेमागे ठेवलेला पंजा पाठीपासून दूर उचलता आला नाही, तर सबस्कॅप्युलॅरिसवर. ही दुसरी परीक्षा गर्बर आणि क्रुशेल यांनी १९९१ मध्ये मांडली.

आखडला की फाटला?
वेणी घालताना, दांडीवर कपडे टाकताना हात वर जाईना, की घरातलं कुणीतरी ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून मोकळं होतं. पण फरक आहे. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर सांधा आखडलेला असू शकतो. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. दुसऱ्याने उचलला की जातो आणि सोडला की पडतो, असं असेल तर कफ फाटल्याची शंका घ्यावी.

फाटलंय, पण दुखत नाही
जपानमधल्या एका गावात ६६४ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने तपासले गेले. १४७ जणांचा कफ आरपार फाटलेला निघाला, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना काहीच त्रास नव्हता! २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मोठा दिलासा देतो. एमआरआयच्या अहवालात ‘टिअर’ हा शब्द दिसला म्हणजे ऑपरेशन ठरलंच, असं नाही. वयोमानाने झिजलेल्या कफला बऱ्याचदा व्यायामानेच उतार पडतो.

इथे मात्र दिवस ढकलू नका
पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर लगेच दाखवा. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. तुटलेल्या कंडरेचा स्नायू आकसत जातो, त्यात चरबी साठते, आणि ती चरबी पुढे कंडरा शिवली तरी सहसा हटत नाही.

चुका छापणारा डॉक्टर
बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये फाटलेला कफ शिवला आणि १९३४ मध्ये खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही त्यांचंच. पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. प्रत्येक रुग्ण पुढे खरोखर बरा झाला का, हे पाहावं आणि चुकलं ते जगजाहीर करावं, असं ते म्हणत. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. कॉडमननी १९११ मध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका छापून टाकल्या. १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड लागला तो थेट २०१४ मध्ये. आज शस्त्रक्रियेच्या निकालांची नोंद जगभर ठेवली जाते, तिच्यामागे या माणसाचा हट्ट आहे.

मूत्राशयातून गुडघ्यात, गुडघ्यातून खांद्यात
१९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्याच वाटेने आज खांद्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते. छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात, सलाइन सोडून जागा मोकळी केली जाते. मग हाडात बारीक खुंट्या बसवायच्या, ज्यांना अँकर म्हणतात, आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा हाडाला बांधायची.

उलटा खांदा
कफ शिवण्यापलीकडे गेला आणि सांधाही झिजला तर? फ्रान्समधल्या दिजाँच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये चेंडू-वाटीची अदलाबदल केली. चेंडू पात्यावर, वाटी दंडावर! या रचनेत कफ नसतानाही डेल्टॉइड एकटा हात उचलू शकतो.

खांद्याचा वेग
चेंडू फेकताना बेसबॉलच्या पिचरचा दंड सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने आत वळतो. हाच वेग टिकला, तर सेकंदात १९ फेऱ्या पूर्ण होतील! क्रिकेटपटूंचे खांदेही थकतात. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये तोच सचिन ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा काढून परतला.

झोळीतले दिवस
कफ शिवल्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा व्यायाम आजही कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. शिवलेली कंडरा हाडाला घट्ट धरायला महिने लागतात, पण दुखणं त्याआधीच थांबतं. फसगत होते ती इथेच. बरं वाटलं म्हणून भरलेली बादली उचलायला जाऊ नका. आत तुमची कंडरा अजून हाडाला धरते आहे.