नऊ फुटांच्या गल्लीतली गाडी

घटस्थापना आणि करकपात एकाच दिवशी आली. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर उतरला आणि दोन हंगाम पुढे ढकललेला निर्णय आम्ही त्याच आठवड्यात घेऊन टाकला. दसऱ्याला गाडी दारात उभी राहिली. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूची माळ घातली.

24 हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, फोर व्हील, वजन टनाच्या आत. ऊसवाल्याला हा ट्रॅक्टर खेळण्यासारखा वाटेल. आमची मात्र द्राक्षबाग, नाशिक जिल्ह्यातली. दोन ओळींत नऊ फूट अंतर, त्यात दोन्हीकडून वेलींना आधार देणाऱ्या वाय अँगलचे हात आणि खाली वाकलेल्या काड्या. जुना 35 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर गल्लीत शिरायचा, पण मडगार्ड खोडांना घासायचं. त्याच्या वजनाने जमीन अशी दबायची की चाकोरीत पांढरी मुळी सापडत नसे.

गाडीची खरी परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी झाली. छाटणी होऊन महिना झालेला, बाग फुलोऱ्याच्या तोंडावर, आणि पाऊस. अशा वेळी डावणी रोगाला एक रात्र पुरते. पाऊस उघडल्यावर काही तासांत फवारणी झाली नाही, तर वर्षाचं पीक हातचं जातं. 600 लिटरचा भरलेला ब्लोअर जोडून संध्याकाळी काळ्या चिखलात उतरलो. पहिल्या गल्लीच्या मध्यावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली, गाळ टायरच्या खाचांत थापला गेला. फोर व्हीलचा लिव्हर टाकला. पुढच्या चाकांनी जमीन धरली, गाडी किंचित थरथरली आणि ब्लोअर ओढत निघाली. त्या रात्री सगळी बाग फवारून झाली. जुन्या गाडीने एवढ्या ओलीत मी बांधावरूनही आत गेलो नसतो.

हा लिव्हर डांबरी रस्त्यावर मात्र काढून ठेवायचा. पुढच्या चाकांचा वेग मागच्यांपेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. मऊ मातीत ती ओढ मदतीला येते. टणक रस्त्यावर तोच फरक टायर झिजवतो आणि गियरवर ताण आणतो. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नाही. तिथे सगळी चर्चा हॉर्सपॉवरची. खरं तर इंजिनाच्या 24 पैकी पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, विसाच्या आसपासच पोचतात, आणि आमचा ब्लोअर चालतो तो पीटीओवर. घेणाऱ्याने आधी तो आकडा विचारावा, मग वजन, मग रुंदी.

पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात सापडला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अवजार जोडताना अडचण होते म्हणून आमच्या गड्याने दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून खळ्यात टाकलं होतं. मी त्याला ते परत बसवायला लावलं आणि ते बसेपर्यंत गाडी सुरू केली नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

मागचे तीन दांडे, दोन खाली आणि एक वर, पाहिले की मला हॅरी फर्ग्युसन आठवतो. पूर्वी नांगर साखळीने मागे बांधत. तो दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटायचा. या आयरिश माणसाने नांगर आणि ट्रॅक्टर तीन ठिकाणी जोडून एकजीव केले. 1939 साली ती जोडणी फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आता अवजाराचं ओझं मागच्या चाकांवर येतं, म्हणून हलकी गाडीही जमीन धरून राहते. आमच्या एवढ्याशा गाडीला रोटर पेलतो तो याच जोडणीमुळे.

तक्रारीही आहेत. सायलेन्सर बॉनेटमधून सरळ वर निघालेला. पहिल्याच आठवड्यात गरम धुराने वेलींचे कोवळे शेंडे करपले. बागेसाठी म्हणून विकायच्या गाडीला सायलेन्सर खालून आडवा हवा. मी तो पदरमोड करून बदलून घेतला. सोबतचं पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत. नाशकात गाडी विकताना मराठीत चार पानं छापणं अवघड नाही.

50 तासांना पहिली सर्व्हिसिंग झाली. मिस्त्रीने निघालेलं काळं ऑइल बोटांत चोळून उन्हात धरलं. त्यात लोखंडाची बारीक चकाकी होती.

‘‘घाबरू नका भाऊ, नवे गियर एकमेकांना लागतायत. म्हणूनच पहिलं ऑइल लवकर काढायचं.’’

आमच्या आण्णांनी आयुष्यभर बैल हाकले. नवीन गाडीला ते महिनाभर हात लावत नव्हते. परवा मात्र चढून बसले. गल्ली संपली तिथे त्यांनी स्टिअरिंग फिरवून नुसता डावा ब्रेक दाबला. डावं चाक थांबलं आणि गाडी जागच्या जागी वळून शेजारच्या गल्लीत शिरली.

‘‘डाव्या बैलाचा कासरा ओढला की असंच व्हायचं,’’ ते म्हणाले.

दोन फेऱ्या मारून ते रस्त्याकडे निघाले. बांधाशी थांबून त्यांनी दोन्ही ब्रेकच्या मधली पट्टी स्वतः खाली वाकून अडकवली आणि मग गाडी डांबरावर घेतली.