विधी महाविद्यालयाचा उंबरठा

लालमन शुक्ला हा गौरीदत्त यांच्याकडील मुनीम. मालकाचा पुतण्या घरातून नाहीसा झाला, तेव्हा त्याच्या शोधासाठी मुनिमाला हरिद्वारकडे पाठविण्यात आले. तो गेल्यानंतर मालकाने मुलाचा शोध लावणाऱ्यास 501 रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मुनिमाने मुलगा शोधून काढला, त्या वेळी त्याला या बक्षिसाची वार्ता नव्हती. पुढे त्याने रकमेसाठी दावा लावला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1913 साली तो फेटाळला. ज्या प्रस्तावाची माहितीच नाही त्याचा स्वीकार संभवत नाही आणि स्वीकार नाही तेथे करारही नाही, असे त्याचे प्रमुख कारण होते.

देशातील विधी महाविद्यालयांतून कराराच्या कायद्याचे पाठ सुरू झाले की हा खटला लवकरच पुढे येतो. नव्या विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा अस्वस्थतेची असते. मुलगा तर सापडला. मग बक्षीस का नाही? वस्तुतः हा प्रश्न म्हणजेच कायद्याच्या अभ्यासाचे प्रवेशद्वार होय. आजवरच्या शिक्षणात उत्तर कोणते, एवढेच विचारले गेले. येथे निकालापेक्षा कारणाला महत्त्व. वस्तुस्थिती काय होती, न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता, कोणता नियम लावला आणि तोच का लावला, या क्रमाने विचार करण्याची सवय नसल्यामुळे बारावीत किंवा पदवीला उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही पहिल्या आठवड्यांत गोंधळून जातो. हा गोंधळ अपयशाचे लक्षण नव्हे. परंतु तसे त्याला कोणी सांगत नाही.

त्यातच भाषेची अडचण उभी राहते. राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही असते, त्यामुळे तालुक्याच्या गावातून आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी दारापर्यंत तर येऊन पोहोचतो. आत पाऊल टाकताच ग्रंथ, न्यायनिर्णय आणि व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत आहेत, असे त्याला आढळते. ‘कन्सिडरेशन’ या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला अर्थ ‘विचार’. कराराच्या कायद्यात मात्र तो वचनाच्या बदल्यात दिलेल्या मोबदल्याचा वाचक. अधिनियमाचा मराठी पाठ उघडावा, तर तेथे ‘संविदा’ आणि ‘प्रतिफल’ हे शब्द दिसतात. त्याच्या घरात वा बाजारात ते कोणी कधी उच्चारलेले नसतात. तात्पर्य, कायद्याची भाषा सर्वांनाच परकी आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही ‘कन्सिडरेशन’चा हा अर्थ नव्यानेच शिकावा लागतो. फरक इतकाच, की त्याचे अज्ञान अस्खलित बोलण्याआड झाकले जाते आणि दुसऱ्याचे उघडे पडते.

उघडे पडण्याची ही भीती मौनाला जन्म देते. मराठी वक्तृत्व स्पर्धा गाजविणारा तरुण वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी नावे मागितली की तो खाली पाहतो. महिन्याभरात कोणीतरी त्याला प्रश्नोत्तरांचे मार्गदर्शक पुस्तक दाखविते आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. तो पाठांतर करतो, उत्तीर्ण होतो, सनदही मिळवितो. कायद्याचा अभ्यास मात्र सुरू होण्यापूर्वीच संपलेला असतो. निकालपत्रकात ही हानी कोठेच दिसत नाही, म्हणून तिची दखलही घेतली जात नाही.

ती एका विद्यार्थ्याची हानी असती तरीही चिंतेची बाब ठरली असती. पण येथे पक्षकाराचे हितही गुंतलेले आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. मुंबई उच्च न्यायालयाची भाषाही इंग्रजीच आहे. तेव्हा इंग्रजीवाचून चालेल, असे विद्यार्थ्यांना सांगणे ही त्यांची फसवणूक होईल. परंतु सामान्य माणसाचा न्यायाशी पहिला संबंध येतो तो तालुक्याच्या न्यायालयात. बांधाचा तंटा, वाटपाचा दावा, पोटगीचा अर्ज, न वटलेला धनादेश ही प्रकरणे तेथेच उभी राहतात. राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असेल, हे 1998 च्या शासकीय अधिसूचनेने ठरविले आहे. इंग्रजीचा वापर तेथून संपलेला नाही, हेही खरे. साक्षीदार मात्र आपल्या बोलीतच बोलतो. जमीन ‘वाट्याने’ दिली, असे तो म्हणाला की ‘खंडाने’ दिली, असे म्हणाला, यावर उलटतपासणीची दिशा बदलू शकते. पहिल्यात पिकाचा हिस्सा, दुसऱ्यात ठरलेली रक्कम वा धान्य. शेतकऱ्याच्या मुलीला हा भेद समजावून द्यावा लागत नाही. तिच्या या ज्ञानाची महाविद्यालयात पहिल्या दिवशी काहीच किंमत होत नाही; तिला इंग्रजी येत नाही, एवढीच नोंद होते.

यावर उपाय नाही, असे नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम मानले असले, तरी विद्यापीठाने अन्य भाषेत पूर्णतः किंवा अंशतः अध्यापनास मुभा दिल्यास ती नियमबाह्य ठरत नाही. इंग्रजीचा विषय मात्र सक्तीचा राहतो. म्हणजे पूल बांधण्यास मज्जाव नाही. पहिल्या महिन्यात एकच न्यायनिर्णय वर्गात ओळीओळीने, दोन्ही भाषांत वाचावा. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ग्रंथालयाच्या कपाटात न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. एक दिवस त्यांना जिल्हा न्यायालयात नेऊन साक्ष कशी नोंदविली जाते, ते दाखवावे. अभिरूप न्यायालयातील पहिला युक्तिवाद मराठीत आणि तोच दुसऱ्यांदा इंग्रजीत करू द्यावा. यास मोठा निधी लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, वर्गागणिक धावणाऱ्या शिक्षकाकडून तो मिळणे कठीण, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षकाच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही.

इंग्रजी शिकायचीच आहे, तर मराठीचा हा वळसा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आशय एकदा उमगला की त्याच आशयाचे इंग्रजी वाक्य पूर्वीइतके दुर्गम राहत नाही. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे 1935 ते 1938 या काळात प्राचार्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजीवरील प्रभुत्व सर्वश्रुत आहे. त्यांनीच 1920 मध्ये ‘मूकनायक’ आणि 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मराठीत काढली. दोन भाषांत वैर मानण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यावरही जबाबदारी आहेच. मार्गदर्शकापूर्वी अधिनियमाचे मूळ कलम वाचावे. खटल्याची हकीकत आधी आपल्या शब्दांत, मग इंग्रजीत लिहावी. आणि न समजलेले त्याच दिवशी विचारावे. मात्र विचारण्याचे धैर्य ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. शेवटच्या बाकावरून कोणी अडखळत, मराठीत विचारील, “पण मुलगा तर सापडला ना?” त्या वेळी वर्ग हसला, तर एक वकील तेथेच हरवला. शिक्षक थांबला, तर त्याच प्रश्नापासून कायदा शिकविणे सुरू होऊ शकेल.