गाडी समजून घेताना : बंद पडलेली ऑटोमॅटिक न्यूट्रलमध्ये आणताना

उन्हाळ्यात बॅटरी दगा का देते, ते मागच्या भागात पाहिले. आता गाडी भर रस्त्यातच बंद पडली तर काय करायचे, ते पाहू.

अमरावती-अकोला महामार्गावरचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनेस बुकात नोंदला गेला. अशा रस्त्यावर मागून येणारा ट्रक वेगातच असतो. मूर्तिजापूर ते बोरगाव मंजूदरम्यान गाडी थांबली तर चार माणसे धावून येतात, ही आपल्या वऱ्हाडाची रीतच. "भाऊ, न्यूट्रल करा न, लोटतो आम्ही!" पण दांडा 'पी'वरून हलतच नाही. अडते ते इथेच.

म्हणून इंजिन बंद पडले आणि गाडी अजून गडगडत असेल, तर सवयीने 'पी'कडे जाऊ नका. दांडा 'डी'वरून 'एन'वर घ्या आणि आहे त्या वेगात डावी कड गाठा. स्टिअरिंग जड होईल. ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर कडक लागेल, तो पूर्ण जोर देऊन दाबा.

'पी'मध्ये गिअरबॉक्समधला लोखंडी दात दाराच्या कडीसारखा अडकतो. शिवाय ब्रेक दाबल्याशिवाय दांडा सुटू नये म्हणून विजेवर चालणारे एक कुलूप असते. बॅटरी पूर्ण उतरली की ते उघडत नाही. पण दांड्याच्या बऱ्याच गाड्यांत ते हाताने सोडवायची सोय असते. दांड्याशेजारी एक इवलेसे झाकण असते, त्यावर बहुधा 'शिफ्ट लॉक' लिहिलेले असते. आधी हँडब्रेक ओढा. तो बटणाचा असेल आणि लागत नसेल तर चाकांना दगड लावा. मग पेचकसाला कापड गुंडाळून झाकण उचला, आतली खटकी दाबून धरा, पाय ब्रेकवर ठेवा आणि दांडा 'एन'वर आणा. हँडब्रेक विसरलात, तर उतारावर गाडी लोटणाऱ्यांच्याच अंगावर जाईल.

एएमटीचे, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचे गणित वेगळे. २०१४मध्ये सेलेरिओपासून या गाड्या आपल्याकडे पसरल्या. त्यांत गिअर यंत्रच बदलते. गाडी गिअरमध्ये असताना बॅटरी उतरली, तर दांडा 'एन'वर नेऊनही आतला गिअर सुटत नाही. तिथे दुसऱ्या बॅटरीची वायर जोडणे हाच उपाय. गोल बटणाच्या गिअरचे आणि इलेक्ट्रिक गाड्यांचेही बहुतेक तसेच.

न्यूट्रल हे कडेपर्यंत लोटण्यापुरतेच. दोरी बांधून अकोल्यापर्यंत ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले की अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि तो जळतो. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्या. महामार्गावर मदतीसाठी १०३३, जिवावर बेतले तर ११२. रेल्वे फाटकात अडकलात, तर आधी सगळे उतरून रुळांपासून दूर व्हा.

आज संध्याकाळी गाडीचे पुस्तक काढा आणि ते झाकण कुठे आहे, ते घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा.